रेषेला शिवण नसते

सुपरमॅन चड्डी बाहेरून का घालतो, हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक पिढीतल्या पोरांनी विचारलेला आहे, आणि विचारून झाल्यावर सगळे हसलेले आहेत. मला त्याचं उत्तर गंभीरपणे द्यायचं आहे. कॉमिकच्या पानावरचं पात्र सिनेमात गेलं की त्याचं रूप का बदलतं, त्यात काय हरवतं आणि कधी काय मिळतं, हा सगळा विषय त्या लाल चड्डीपासूनच सुरू होतो.

जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन मित्रांचा सुपरमॅन १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात छापून आला. शुस्टरच्या डोळ्यांपुढे होते सर्कशीत ताकदीचे प्रयोग करणारे त्या काळचे पहिलवान. ते अंगाला घट्ट बसणाऱ्या विजारीवर आखूड चड्डी घालत. तेव्हा त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बलदंड माणसाचा तो ओळखीचा पोशाख होता. पण सर्कशी गेल्या तरी चड्डी राहिली, आणि ती छपाईमुळे राहिली असं माझं मत आहे. माझी उमर छापखान्यात गेली, त्यामुळे चित्र बघण्याआधी माझं लक्ष कागदाकडे जातं. कॉमिकचा कागद वर्तमानपत्राचा, खरबरीत, शाई पिणारा. शाया चारच: निळी, लाल, पिवळी, काळी. एका पानावर सहा-आठ चौकटी, आणि एकेका चौकटीत जेमतेम दोन-तीन इंचांचा माणूस. एवढ्याशा आकृतीला गळ्यापासून घोट्यापर्यंत सपाट निळा रंग दिला, तर कंबर कुठे संपली आणि पाय कुठे सुरू झाले हे वाचणाऱ्याला कळत नाही. मध्ये पिवळा पट्टा आणि लाल चड्डी आली की शरीराचे दोन भाग होतात, मांड्या सुट्या दिसतात, तो धावतोय की झेप घेतोय हे हातभर अंतरावरूनही समजतं. ती चड्डी चित्रातला एक अवघड प्रश्न सोडवत होती.

छपाईने घडवलेली अशी पात्रं पुष्कळ आहेत. १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क करडा होता. चार शायांतून प्रत्येक पानावर एकसारखा करडा काढणं किती अवघड असतं, हे मशीनवर उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा. एका पानावर तो हिरवट येतो, दुसऱ्यावर काळपट. रंगयोजना करणाऱ्या स्टॅन गोल्डबर्गची नेमकी हीच पंचाईत झाली आणि दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला. बॅटमॅनचंही तसंच. त्याची केप मुळात काळी. पण नुसतं काळं छापलं की कापडाची घडी दिसत नाही, म्हणून उजेड दाखवायला काळ्यात निळ्याचे पट्टे सोडले जात. ते पट्टे वर्षानुवर्षं रुंद होत गेले, आणि एक वेळ अशी आली की वाचकांच्या मनात बॅटमॅनची केप निळीच झाली.

म्हणजे हे पोशाख कुणी शिवलेलेच नव्हते. रेषेला शिवण नसते. तिला चेन लागत नाही, बटण लागत नाही, तिच्या गुडघ्यावर चुण्या पडत नाहीत. चित्रकाराने स्नायू काढले आणि रंगवणाऱ्याने त्यावर निळा भरला की झाला पोशाख. त्वचा आणि कापड यांच्यात अंतरच उरत नाही. कॅमेऱ्यासमोर मात्र खरा माणूस आणि खरं कापड उभं करावं लागतं, आणि पानाने कधीच न विचारलेले सगळे प्रश्न एकदम अंगावर येतात. कापड कुठलं? जाड की पातळ? चकाकतं की नाही? हा माणूस त्यात वाकणार कसा? गेल्या ऐंशीएक वर्षांत सिनेमाने या प्रश्नांना दिलेली उत्तरं लागोपाठ पाहिली की प्रत्येक काळाला कशाचा अभिमान वाटत होता आणि कशाची लाज वाटत होती, ते स्पष्ट दिसतं.

सुरुवातीच्या लोकांना लाज वाटत नव्हती, त्यांच्यापुढे फक्त अडचणी होत्या. १९४८ च्या कृष्णधवल मालिकेत कर्क अ‍ॅलिनने घातलेला सुपरमॅनचा पोशाख प्रत्यक्षात राखाडी आणि तपकिरी होता. निळा आणि लाल हे दोन रंग कृष्णधवल फिल्मवर एकमेकांत मिसळून जाण्याची भीती, म्हणून छटा सुटी दिसावी असे दुसरेच रंग घेतले. प्रेक्षकाने मनात निळा-लाल भरून घ्यायचा. खोटा रंग वापरून खरं चित्र उभं करण्याची ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटते. त्याच मालिकेतली आणखी एक गोष्ट मला अतिशय आवडते. सुपरमॅन उडायला लागला की तिथे खरा माणूस नाहीसा होऊन त्याच्या जागी हाताने काढलेलं कार्टून यायचं. माणसाला उडवता येईना, तेव्हा सिनेमाने त्याला पुन्हा रेषेच्या हवाली केलं. उतरला की परत कर्क अ‍ॅलिन.

तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, रिचर्ड डॉनरच्या सिनेमात तो माणूस खरोखर उडाला. आणि तिथे अडचण आली ती रंगाचीच. निळ्या पडद्यापुढे चित्रण करून मागचं आकाश नंतर जोडायचं, ही तेव्हाची रीत. पण नायकाचे कपडेच निळे असतील तर पडद्याबरोबर तोही गळून पडणार. म्हणून अशा दृश्यांसाठी हिरव्याकडे झुकणाऱ्या निळ्याचे वेगळे पोशाख वापरले आणि रंग पुढे प्रयोगशाळेत सुधारून घेतला. जोडीला झोरान पेरिसिच यांनी बसवलेली समोरून चित्र टाकायची पद्धत होती. पोशाख इव्होन ब्लेक यांचा. ख्रिस्तोफर रीव्ह मुळात उंच आणि सडपातळ. कपड्यांच्या आत कृत्रिम स्नायू भरायची कल्पना त्याने नाकारली आणि वेटलिफ्टर डेव्हिड प्राउझ यांच्या हाताखाली व्यायाम करून स्वतःचं अंग कमावलं. त्या पोशाखाला काही ठिकाणी चुण्या पडतात, केप कधी जड वाटते. तरी तो माणूस त्यात इतका आरामात वावरतो की चड्डीचा विचारही मनात येत नाही. पोशाखाची लाज घालणाऱ्याला वाटत नसेल तर बघणाऱ्यालाही वाटत नाही, हे रीव्हने सिद्ध केलं. पुढच्या लोकांनी ते लक्षात ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

झालं उलटंच. १९८९ मध्ये टिम बर्टनचा बॅटमॅन आला. मायकल कीटनची निवड जाहीर झाली तेव्हा चाहत्यांनी निषेधाच्या पत्रांचा पाऊस पाडला होता. हा माणूस विनोदी भूमिका करणारा, अंगाने साधा. वेशभूषाकार बॉब रिंगवुड यांनी त्यावर तोड काढली ती अशी की स्नायू माणसाचे असायची गरजच ठेवली नाही. छाती, पोट, खांदे सगळं रबरात घडवलं आणि काळं केलं. करडा घट्ट पोशाख आणि निळी केप गेली; उरलं एक काळं कवच. दिसायला ते विलक्षण होतं, ते आजही मी मान्य करतो. पण मुखवटा आणि खांदे एकाच तुकड्याचे असल्यामुळे कीटनला मान वळवता येईना. बाजूला बघायचं तर अख्खं धड वळवायचं. त्याने त्यातूनच चाल बसवली: सावकाश, पुतळ्यासारखं, सगळं शरीर एकदम फिरवणं. कपड्याच्या दोषातून पात्राला स्वभाव मिळाला. नंतर अनेक सिनेमांत बॅटमॅन असाच वळत राहिला, आणि २००८ च्या ‘द डार्क नाइट’मध्ये शेवटी ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, स्वतःच नवा पोशाख मागताना मान वळवता यायला हवी अशी अट घालतो. वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांनी तो पोशाख सुट्या सुट्या तुकड्यांचा केला, मुखवटा गळ्यापासून वेगळा केला. एवढ्या वर्षांची शिंप्याची अडचण कथेतच सोडवावी लागली, याचं मला कौतुक वाटतं.

पण १९८९ च्या त्या यशाने बाकीच्यांना जे शिकवलं ते वाईट शिकवलं. काळं म्हणजे गंभीर, रंगीत म्हणजे पोरकट, असा समज पक्का झाला. २००० सालचा ‘एक्स-मेन’ हा त्या समजाचा कळस. एक्स-मेन म्हणजे अचाट शक्ती असलेल्या माणसांची टोळी. त्यांचे चित्रांतले पिवळे, निळे, हिरवे पोशाख गेले आणि सगळ्यांच्या अंगावर काळं चामडं आलं. त्यांच्यातला वॉल्व्हरिन या पोशाखाबद्दल कुरकुर करतो तेव्हा त्याचा सोबती सायक्लॉप्स त्याला विचारतो, मग काय पिवळं घट्ट कापड हवं होतं का? प्रेक्षक हसतात. मला त्या वाक्याने तेव्हाही बरं वाटलं नव्हतं. ज्या चित्रांवर हा सिनेमा उभा होता त्यांच्याकडेच बोट दाखवून हसायचं, आणि ती चित्रं जपणाऱ्या वाचकाला तिकीट काढून त्या हसण्यात सामील करून घ्यायचं, हे मला पटलं नाही.

कारण त्या पिवळ्या पोशाखामागे माणसांचे हात होते. वॉल्व्हरिनचं मूळ रूप जॉन रोमिटा सीनियर यांनी आखलं. १९७४ मध्ये हल्कच्या अंकात तो पहिल्यांदा आला. तेव्हा त्याच्या मुखवट्याचे काळे कान छोटे होते. पुढच्या वर्षी ‘जायंट-साइझ एक्स-मेन’चं मुखपृष्ठ गिल केन यांनी काढलं आणि काढताना ते कान चुकून मोठे, पंखांसारखे बाहेर फाकलेले काढले. आतली चित्रं काढणाऱ्या डेव्ह कॉक्रम यांना ती चूक इतकी आवडली की त्यांनी तीच खरी मानली. आज लहान पोरसुद्धा ज्या आकारावरून वॉल्व्हरिन ओळखतं तो आकार असा जन्मला. तो डोळ्यांभोवतीचा काळा पंख त्या माणसाला रागीट करतो, मुखवटा हसत असला तरी. चामड्याच्या जाकिटात ते काहीच नव्हतं. त्याच्या जागी होता ह्यू जॅकमन, आणि तो उत्तम होता. पण चित्रातला वॉल्व्हरिन ५ फूट ३ इंचांचा, बुटका, रुंद, जमिनीलगत चालणारं जनावर आहे. जॅकमन सहा फुटांच्या वरचा. बुटक्या माणसाचा राग आणि उंच माणसाचा राग वेगळे असतात. सिनेमाने एकाच्या जागी दुसरा ठेवला आणि आपल्याला तो इतका आवडला की पहिला विसरला गेला. २०२४ च्या सिनेमात जॅकमनने अखेर तो पिवळा पोशाख घातला आणि पंखांचा मुखवटाही चढवला. जगबुडी झाली नाही. तो बघताना कुणाला हसू आलं नाही. चोवीस वर्षं आधीही आलं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

रेषेचं शरीर आणि माणसाचं शरीर यांचा हा तिढा फक्त महानायकांचा नाही. आपल्याकडे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून रोज सकाळी पेपरात यायचा, मोजक्या रेषांत उभा राहणारा, वर्षानुवर्षं त्याच वयाचा. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर सिनेमा केला, तेव्हा त्या जागी एक खरा मुलगा आला. खऱ्या मुलाला गालावर खळी असते, आवाज असतो, आणि तो दर महिन्याला थोडा वाढतो. रेषेतल्या चिंटूत महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराने आपला मुलगा पाहिला होता. कारण त्या चेहऱ्यात भर घालायला जागा मोकळी होती. चेहरा खरा झाला की ती जागा भरते. यात दोष कुणाचा नाही.

सुपरमॅनकडे थोडं परत जाऊ. २०११ मध्ये कॉमिकवाल्यांनीच त्याची चड्डी काढून टाकली. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्येही ती नव्हती. निळा रंग गडद, जवळजवळ पोलादी, आणि सगळ्या अंगभर बारीक उठावाची नक्षी, साखळ्यांच्या चिलखतासारखी. त्या काळातल्या बहुतेक सिनेमांना हाच रोग होता: सपाट रंगाची भीती. कोणताही पृष्ठभाग सपाट ठेवायचा नाही. जिथे रंग पुरेसा होता तिथे खवले, टाके, उंचवटे, नळ्या. कॅमेरा जवळ जातो तेव्हा सपाट कापड स्वस्त दिसतं, हे खरं आहे. पण लांबून बघितलं की त्या सगळ्या नक्षीचा मिळून एक मातकट रंग होतो. आणि चड्डी गेल्यामुळे हेन्री कॅव्हिलसारख्या देखण्या माणसाचं धड उगीचच लांबलचक दिसतं. १९३८ मध्ये शुस्टरने सोडवलेला प्रश्न परत येऊन उभा राहतो. छापील पानावर चड्डी २०१८ मध्ये परत आली, ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकाच्या वेळी. सिनेमात परत यायला २०२५ उजाडलं. जेम्स गनच्या सिनेमात डेव्हिड कोरेनस्वेटच्या अंगावर ती आहे, रंग उघडे आहेत, कापड कापडासारखं सुरकुततं. त्यामागचा विचार मला फार पटला: ज्या माणसाच्या हातात एवढी ताकद आहे त्याला लहान मुलांनी घाबरू नये असं वाटत असेल, तर तो असेच कपडे घालील.

सिनेमा दरवेळी काहीतरी काढूनच घेतो, असंही नाही. ‘ब्लॅक पँथर’मधल्या डोरा मिलाजे, म्हणजे राजाच्या अंगरक्षक स्त्रिया, कॉमिकमध्ये १९९८ मध्ये आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर आखूड झगे आणि पायांत उंच टाचा होत्या. राजाचं रक्षण करणाऱ्या बाईला उंच टाचा! तिथे चित्रकाराने त्या बायकांना काय काम करायचं आहे याचा विचारच केला नव्हता. २०१८ च्या सिनेमासाठी रूथ कार्टर यांनी मासाई, तुर्काना, हिंबा अशा आफ्रिकी लोकांच्या वेशांचा अभ्यास केला. मण्यांची कामं, गळ्यातली कडी, चामड्याचे पट्टे, सपाट बूट. लाल रंग तेवढा तसाच ठेवला. त्या ओळीने उभ्या राहिल्या की आधी भीती वाटते आणि मग लक्षात येतं की या सुंदर आहेत. कार्टर यांना त्या कामासाठी ऑस्कर मिळालं, वेशभूषेसाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. इथे बदल हीच निष्ठा होती. पात्र काय करतं, हा प्रश्न मूळ चित्राने टाळला होता, तो त्यांनी विचारला.

सुपरमॅनची चड्डी काढणारे आणि डोरा मिलाजेच्या टाचा काढणारे यांच्यात माझ्या दृष्टीने फरक इथेच आहे. एकाने विचारलं, लोक हसतील का? दुसरीने विचारलं, ही गोष्ट इथे कशासाठी आहे?

आणि पान सिनेमाच्या मागे जायला लागतं तेही सांगायला हवं. ‘एक्स-मेन’ सिनेमा चालल्यावर २००१ मध्ये कॉमिकमधल्या एक्स-मेननेही चामड्याची जाकिटं घातली. तीनेक वर्षांनी ती उतरवून पुन्हा रंगीत कपडे चढवले. स्पायडरमॅनच्या मनगटातून आपोआप जाळं निघतं हे २००२ च्या सिनेमाने आणलं आणि थोड्याच काळात कॉमिकनेही ते काही वर्षांपुरतं उचललं. निक फ्युरी या गुप्तहेरप्रमुखाची गोष्ट तर सगळ्यात गमतीची आहे. १९६३ पासून तो गोरा होता. २००२ मध्ये ब्रायन हिच या चित्रकाराने ‘द अल्टिमेट्स’मध्ये त्याला सॅम्युएल एल. जॅक्सन या कृष्णवर्णीय नटाचा चेहरा दिला. सहा वर्षांनी ‘आयर्न मॅन’ सिनेमाच्या शेवटी अंधारातून निक फ्युरी पुढे आला, तो स्वतः जॅक्सनच होता.

आता आपला वेताळ. ली फॉकचा फँटम १९३६ मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रांत सुरू झाला आणि १९६४ पासून मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे आला, मराठीतही यायचा, वेताळ या नावाने. माझ्या मामाकडे त्याचे अंक बांधून ठेवलेले होते, आणि मी चित्र म्हणून जे काही आधी पाहिलं ते त्या बांधलेल्या अंकांत पाहिलं. आपल्या आवृत्तीत काही नावंही बदलली होती: सिंग चाचे सिंगा झाले, जंगल डेंकालीचं झालं. पण वेताळाच्या पोशाखाची हकीकत त्याहून नवलाची. फॉकच्या मनात करडा रंग होता. वर्तमानपत्रातल्या चित्रपट्ट्या काळ्या-पांढऱ्या असल्याने काही वर्षं प्रश्न आला नाही. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल. जिथल्या छापखान्याने जो रंग दिला तो तिथल्या वाचकांसाठी कायमचा खरा ठरला. हिरव्या जंगलात लपून राहणाऱ्या माणसासाठी जांभळ्याइतका गैरसोयीचा रंग नाही, असं लोक म्हणतात. छापील पानावर मात्र हिरव्यातून उठून यायला जांभळ्यासारखा रंग नाही. मला लहानपणी ते गैरसोयीचं कधीच वाटलं नाही. दाट हिरव्या फांद्या, आणि त्यात एकदम तो जांभळा तुकडा. तो दिसला की आता सगळं ठीक होणार हे कळायचं.

१९९६ मध्ये सायमन विन्सरने बिली झेनला घेऊन वेताळाचा सिनेमा केला. तो चालला नाही, पण मला त्या माणसांबद्दल आदर आहे. सगळे काळ्याकडे धावत असताना त्यांनी जांभळा सोडला नाही. झेनने कृत्रिम स्नायू न घालता अंग कमावलं. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी गेली, कापडावर गडद नक्षी आली. हे मी समजू शकतो. जे गेलं आणि परत आणता आलं नाही, ते डोळे.

वेताळाच्या मुखवट्यात बुबुळं नाहीत. नुसती पांढरी जागा. फॉकने सांगून ठेवलं आहे की ही कल्पना त्याला ग्रीक पुतळ्यांवरून सुचली; त्या पुतळ्यांच्या डोळ्यांत बुबुळं दिसत नाहीत आणि त्यामुळे ते आपल्याकडे बघतात की आपल्यापलीकडे, ते समजत नाही. फँटमनंतर मुखवटा घातलेल्या नायकांना असे डोळे देण्याची रीतच पडली. पानावर त्यांचं काम मोठं आहे. चारशे वर्षं बाप-लेक-नातू एकाच मुखवट्याआड एकामागून एक वेताळ होत आले, आणि बाहेरच्या जगाला वाटतं की हा एकच, न मरणारा. ते खरं वाटायला बुबुळं नकोतच. बुबुळ आलं की आतला विशिष्ट माणूस दिसतो. बिली झेनचे डोळे बोलके आहेत, खट्याळ आहेत, आणि तीच अडचण आहे: तो एकविसावा वेताळ दिसतो, मागचे वीस दिसत नाहीत.

सिनेमावाल्यांना नटाचे डोळे झाकायला फार जड जातं. पैसे त्या चेहऱ्याचे मोजलेले असतात. ‘द डार्क नाइट’च्या शेवटाकडे बॅटमॅनच्या डोळ्यांवर काही काळ पांढरी भिंगं चढतात, तीही यंत्राचं कारण देऊन, आणि त्या थोड्या वेळात तो चित्रातल्यासारखा अनोळखी दिसतो. स्टीव्ह डिटकोने १९६२ मध्ये स्पायडरमॅनचा तर अख्खा चेहराच झाकला होता. ओठ नाहीत, हनुवटी नाही, फक्त जाड काळ्या किनारीचे दोन मोठे पांढरे डोळे. पण डिटकोच्या आणि त्याच्यामागून आलेल्या चित्रकारांच्या हातात ते डोळे भीतीने मोठे व्हायचे, रागाने बारीक व्हायचे. कुठलीही घट्ट भिंगं असं करणार नाहीत हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण रेषा करत होती. २००२ च्या सिनेमात भिंगं स्थिर झाली, आणि मग भावना दाखवायची वेळ आली की मुखवटा फाटायचा किंवा काढला जायचा. २००४ च्या सिनेमातल्या आगगाडीच्या प्रसंगात तो उघड्या चेहऱ्याने गाडी थांबवतो. प्रसंग सुंदर आहे, पण डिटकोने जे साधलं होतं ते सोडून दिल्याचीच ती कबुली आहे. २०१६ मध्ये कॅमेऱ्याच्या झडपेसारखी उघडमीट करणारी भिंगं आली. कथेत त्याला यंत्राचं निमित्त दिलं. बघणाऱ्याला मात्र पानावरचे डोळे परत मिळाले. इतक्या वर्षांत मला कुठल्या एका दुरुस्तीने एवढा आनंद दिला नसेल.

आणि मग २०१८ मध्ये ‘स्पायडर-व्हर्स’ आला, ज्यात शिवणीचा प्रश्नच मिटला, कारण तो सिनेमा चित्रांचाच होता. त्यात त्यांनी छपाईचे ठिपके ठेवले. एवढंच नाही, लांबची वस्तू कॅमेऱ्यात धूसर होते ना, तशी धूसर करण्याऐवजी त्यांनी रंग एकमेकांवरून सरकवले. छापखान्यात आम्ही याला रजिस्टर हललं म्हणतो. चार प्लेटा एकावर एक नेमक्या बसल्या नाहीत की लाल एकीकडे डोकावतो, निळा दुसरीकडे. असा कागद आम्ही रद्दीत टाकायचो, फोरमनची बोलणी खायचो. त्या दोषाचं कुणीतरी सौंदर्य केलं होतं, आणि मोठ्या पडद्यावर ते पाहताना मला भरून आलं.

२०२३ च्या दुसऱ्या भागात तर त्यांनी मुंबाटन उभं केलं, मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र विणलेलं शहर, आणि तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर. हे पात्र २००४ मध्ये भारतीय कॉमिकसाठी घडलं तेव्हा ते धोतर नेसून इमारतींवरून झेपावत होतं. सिनेमात त्याचे भरदार केस मुखवट्यातून बाहेर आले आणि हालचालीत नाचाचा डौल आला. मला हा बदल मनापासून आवडला. मूळ धोतर ‘हा भारतीय आहे’ असं सांगायला चढवलेलं होतं. हा मुलगा तसं काही सांगत बसत नाही, तो नुसता शहरभर बागडतो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुंबाटनचे रंग आणि रेषा ठरवताना त्या कलाकारांनी ज्या छापील चित्रांकडे पाहिलं, ती होती इंद्रजाल कॉमिक्स. मामाकडची तीच. मुंबईच्या मशीनवर, मिळेल त्या कागदावर छापलेले ते भडक पिवळे, ते किंचित सरकलेले लाल.

म्हणून वेताळाबद्दल मला आता वेगळी आशा आहे. कधी ना कधी कुणीतरी त्याला पुन्हा पडद्यावर आणेल. त्या माणसाला माझं मागणं आहे की जांभळ्याला कापड शोधत बसू नका, त्याला शाईच राहू द्या. हाताने काढलेला वेताळ करा, सरकलेल्या रंगांसकट. नट हवाच असेल तर आवाजासाठी घ्या, आणि डोळ्यांच्या जागी कागद कोरा सोडा.